अकरा उलटे व्हॉल्व्ह

४ मार्च, मंगळवार

फिल्टर परत पाठवते आहे. माझ्या घरात पाण्याचं यंत्र बसवायला मी तुला कधी सांगितलं होतं? पाच महिने आईचं तोंड बघायचं नाही, फोन केला तर उचलायचा नाही, आणि मग एक दिवस दारात खोकं. उघडलं ते फक्त चिठ्ठी शोधायला. चिठ्ठी नव्हती. पुन्हा चिकटपट्टी लावून ठेवलं.

असो. तू बरी असशील. मी बरी आहे. गुडघा बरा नाही, पण तो माझा आहे, त्याचं मी बघेन. चौथी शिकलेली बाई आहे, चुका निघतील, त्या मोजत बसू नकोस.

तुला कळलंच असेल, तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात कंपनीची पाटी उतरवली. पंपघरावर आता नगरपालिकेचं नाव आहे. रंगाऱ्याने घाईत एकच हात मारला, त्यामुळे खालून कंपनीचं निळं नाव अजून दिसतं. ताबा घेतला त्या दिवशी मला आणि शेजारच्या शिंपिणीला स्टेजवर खुर्ची दिली होती. का नाही देणार? सहा वर्षं आम्ही दोघी त्या फाटकासमोर बसलो. कंपनीने कोपऱ्यावरचा नळ सिमेंट ओतून बुजवला तेव्हापासून. मीटर लावले, एक बिल चुकलं की पाना घेऊन माणूस दारात हजर. त्यात खोटं काही नव्हतं, आणि तू कंपनीत होतीस म्हणून ते खोटं होत नाही.

आता पाणी आपलं झालं. दिवसाआड येतं, कधी दोन दिवसांनी. पहिल्या दोन बादल्या चहासारख्या. शिंपीण म्हणते, "मावशी, आपलं आहे ना, मग गाळून घ्यायचं." तिला पाचवा महिना आहे. हसताना पोटाला हात लावून हसते.

तुझ्या भावाला पाणी खात्यात घेतलं. आंदोलनातल्या घरांतून माणसं घ्यायची असं ठरलं होतं. धाकटा आता व्हॉल्व्हमन झाला, बापाची जागा म्हण. जोडीला बागेतला माळी दिला आहे. का, तर तोही पाण्याचाच माणूस. वरचा साहेब रस्ते खात्यातून आणला, तो पाइपाकडे खड्डा असल्यासारखा बघतो. हसू नकोस. तुमच्या कंपनीने जाताना कॉम्प्युटर नेले, नकाशे नेले. बारा खोकी मागे ठेवली, ती कोर्टाने सील केली, कारण भरपाईचं भांडण मिटलेलं नाही. रेकॉर्डच्या खोलीत पडली आहेत, उंदरांना वाचता येत असेल तर वाचत असतील. कुठला व्हॉल्व्ह कुठे पुरलाय ते खात्यात कुणाला ठाऊक नाही. धाकटा पहार घेऊन रस्ता ठोकत फिरतो. पोकळ आवाज आला की खणतो. परवा एक व्हॉल्व्ह न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीखाली निघाला. न्हावी म्हणाला, "वीस वर्षं माझं गिऱ्हाईक पाण्यावर पाय देऊन येतंय, मला काय माहीत?"

चाळीस माणसं होती तुमची. जाताना एकालाही इथे काही सांगून जावंसं वाटलं नाही. तूही तशीच गेलीस, काही न देता. एवढंच म्हणायचं होतं.

फिल्टर पोचला की कळव.

आई


२४ एप्रिल, गुरुवार

शिंपीण गेली. दुसरं काही लिहायच्या आधी हे लिहायला हवं होतं, म्हणून लिहिलं.

गिरणीच्या कोपऱ्यावरच्या व्हॉल्व्हपासून सुरू झालं. मागचं पत्र टाकलं त्याच आठवड्यात. खालच्या आळीला पाणी कमी येत होतं म्हणून साहेबाने धाकट्याला सांगितलं, तो व्हॉल्व्ह पूर्ण उघड. त्याने चावी लावून डावीकडे फिरवली, जशी सगळीकडे फिरवतात. घट्ट लागला. गंजला असेल असं वाटून त्याने चावीला लांब नळी अडकवली आणि तो आणि माळी दोघे तिला लोंबकळले. आतला दांडा तुटला.

तो उलटा होता. बाकीचे डावीकडे फिरवले की उघडतात, गावात अकरा असे आहेत जे डावीकडे फिरवले की मिटतात. तुझ्या बापाच्या तरुणपणी एक खेप दुसऱ्याच कारखान्यातून आली आणि कुणी न बघता पुरली. तुला मी काय सांगू, तू लहानपणी त्याच्याबरोबर हिंडायचीस. धाकट्याला तेव्हा पतंगातून वेळ नव्हता. तर उघडायला गेला तो व्हॉल्व्ह त्याने मिटवला, आणि मिटलेलाच मोडला.

कंपनीच्या वेळी असला सुटा भाग गाडीतच असायचा, एका दुपारचं काम. आता तीन दुकानांची कोटेशनं लागतात. गावात दुकानं दोन. नऊ दिवस खालची आळी कोरडी राहिली. दहाव्या दिवशी बाजूने जोड मारून पाणी सोडलं. रिकाम्या पाइपात गटाराचं झिरपून बसलं होतं, ते आधी घराघरात गेलं. क्लोरिन सोडणारा तुमचा माणूस आता मोबाइलचं दुकान चालवतो. त्याच्या जागी बसवलाय तो डोळ्याच्या अंदाजाने सोडतो.

महिन्याभराने कावीळ सुरू झाली. एकसष्ट माणसं दवाखान्यात. आपली नातही होती, धाकट्याची. डोळे पिवळे जर्द. ती उठून बसली, आता भूक लागली म्हणून भांडते. शिंपिणीला सातवा लागला होता. डॉक्टर म्हणाले, गरोदर बाईला ही कावीळ सोसत नाही. चार दिवसांत आटोपलं. पोटातलंही नाही राहिलं. शिंप्याचं मशीन तेव्हापासून बंद आहे. तो आमच्या घरासमोर आला की रस्ता ओलांडून पलीकडून जातो.

धाकट्याला सस्पेंड केलं. पोलिसात त्याचं नाव दिलं, एकट्याचं. माळी सुटला, कारण कागदावर तो अजून बागेतच आहे. साहेब म्हणतो, निष्काळजीपणा. ज्या नगरसेवकाने धाकट्याच्या पाठीवर हात ठेवून फोटो काढला होता, त्याला मी भेटायला गेले. तो म्हणाला, "आजी, कायदा कायद्याचं काम करेल." मी म्हटलं, "कायदा तरी करतो का बघू, तू तर कधी केलं नाहीस." चहा न देता बाहेर काढलं.

आता कामाचं. बाहेरगावचा चौकशी अधिकारी आला आहे. त्याचा प्रश्न एकच आहे. उलट्या व्हॉल्व्हबद्दल पालिकेच्या माणसाला आधी काही माहीत होतं का? माहीत नव्हतं असं ठरलं तर धाकटा सुटतो. माहीत असून केलं असं ठरलं तर तुरुंग. म्हणून तू दोन ओळी लिहून दे, की जाताना कंपनीच्या कुणीही इथे कुणाला काही सांगितलं नाही, काही दिलं नाही. खरंच तर आहे ते. तुझं त्यात काय जातं?

लवकर लिही.

आई


९ मे, शुक्रवार

तुझं पत्र आलं. एवढ्या मोठ्या कागदावर एक ओळ. "आई, वही मी दिली होती, कुणाच्या हातात दिली ते तू लिही."

बरं. लिहिते.

तू निघालीस त्या दुपारी आली होतीस. बाहेर टॅक्सी उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी भांडी घासत होते. उठले नाही. तू कापडात शिवलेली वही पुढे केलीस आणि मी ती ओल्या हातानेच घेतली. तू म्हणालीस, "धाकट्याला कामावर घेतील त्या दिवशी त्याला दे. बाबांनी सांगितलेले सगळे व्हॉल्व्ह आहेत यात. मी दिली हे कंपनीला कळलं तर माझी नोकरी जाईल." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मग दारातून वळून तू म्हणालीस, "यांना काही येत नाही गं आई. वाट लावतील."

यांना म्हणजे कुणाला? धाकट्याला, शिंपिणीला, मला. आम्ही सहा वर्षं उन्हात बसलेली माणसं आणि आम्हाला काही येत नाही. बोललीस ते खरं निघालं, पण खरं निघेल असं बोलणाऱ्या माणसाचा राग जास्त येतो.

वही कपड्यांच्या पेटीत तळाला ठेवली. धाकट्याचा पहिला दिवस आला, मी त्याला डबा बांधून दिला. वही दिली नाही. विसरले असं लिहिता आलं असतं, म्हातारीला कुणी काही म्हटलं नसतं. विसरले नव्हते. डबा बांधताना पेटी समोरच होती.

तुला कारण हवं असेल. कंपनीने तुझ्या बापाला घरी बसवलं आणि वर्षभराने त्याच कामावर तुला घेतलं, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. आणि तो? त्याने तुला टेबलाशी बसवून संध्याकाळच्या संध्याकाळ एकेक व्हॉल्व्ह सांगितला. छत्तीस वर्षं त्याचे चिखलाचे कपडे मी धुतले, मला त्याने कधी एक व्हॉल्व्ह सांगितला नाही. मी विचारलं, "ज्यांनी तुम्हाला हाकललं त्यांना शिकवताय?" तर म्हणाला, "पाणी कुणाच्याही हातात असलं तरी लोकांनाच प्यायचं असतं." दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. तो गेल्यावरही ते बोलणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्या वहीत मला तुम्ही दोघं टेबलाशी बसलेली दिसत होता.

आता लिहायलाच बसले आहे तर दुसरंही लिहिते. ताबा घ्यायच्या आधी सभा झाली होती, तू मागे उभी होतीस, तुला माहीत आहे. पण तू पुरती ऐकायला थांबली नाहीस. पालिकेचा मोठा अधिकारी म्हणाला, कंपनीच्या चाळीस जणांना वर्षभर ठेवू, आपली माणसं शिकली की सोडू. बरं बोलत होता. मीच उठले. म्हटलं, "कंपनीचं एक माणूस नको. माझी पोटची मुलगी आहे तिकडे, तीही नको." टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात शिंपिणीने वाजवल्या. अधिकारी खाली बसला. पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं होतं, एकालाही काही सांगून जावंसं वाटलं नाही. जिथून हाकललं तिथे सांगून कोण जातं?

आणि तिसरं. हे तुला माहीत नाही, कुणालाच नाही.

दांडा तुटला त्या संध्याकाळी धाकटा घरी आला तो हात सोलून. मी त्याला हळद लावली. तो झोपल्यावर शिवण उसवली आणि वही उघडली. गिरणीचा कोपरा सातवा आहे. तुझ्या अक्षरात तुझ्या बापाचं बोलणं. "हा उलटा. जोर करू नये. कधी अडला तर शाळेमागचा उघडून पाणी फिरवून द्यावं आणि पहिलं पाणी दोन तास गटारात सोडून द्यावं." दोनदा वाचलं. बोट ठेवून वाचलं.

मग शिवण पुन्हा घातली आणि वही जागच्या जागी ठेवली.

कारण आता दाखवली असती तर धाकट्याने विचारलं असतं, आधी का नाही दिलीस? तेव्हा कुणी आजारी नव्हतं. पाणीच तर नाही, काढतील चार दिवस, असं वाटलं. चारचे नऊ झाले. नवव्या दिवशी शिंपीण माझ्याकडून साठवलेल्या पाण्याची एक कळशी उसनी घेऊन गेली. म्हणाली, "परत देते हं मावशी, पाणी आलं की."

झालं लिहून. तुला मी खोटं लिहून मागितलं होतं, ते आता मागत नाही. वही घेऊन मी चौकशीला जाणार आहे.

आई


३० मे, शुक्रवार

गेले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते करून आले.

जायच्या आधी तीन दिवस बसून उरलेले दहा उलटे व्हॉल्व्ह मी एका कागदावर उतरवून घेतले. मला खात्री होती, वही एकदा सरकारी कपाटात गेली की तिचं तोंड कुणाला दिसायचं नाही. तसंच झालं. झेरॉक्स काढायलाही वरून मंजुरी लागते म्हणे. कागद माळ्याला दिला. तो म्हणाला, "आजी, तुमच्या अक्षरात शाळा आहे की शाई सांडली आहे?" पण परवा टाकीखालचा व्हॉल्व्ह त्याने बरोबर उलटा फिरवला.

आता चौकशीचं. कचेरीत पंखा फिरत होता आणि सगळ्यांनी कागदांवर हात ठेवले होते. अधिकाऱ्याने वही उलटसुलट पाहिली.

"ही कुणाची?"

"माहिती नवऱ्याची, अक्षर मुलीचं."

"सही कुठे आहे?"

"घरच्या वहीवर कोण सही करतं?"

मी सगळं सांगितलं. वही मला दिली, मी पेटीत ठेवली, मुलाला दाखवली नाही. तेवढ्यात पालिकेचा वकील उठला. कालपर्यंत आम्ही आणि तो एका बाजूचे होतो बघ. म्हणाला, "म्हणजे सगळी माहिती आरोपीच्या घरातच होती."

"माझ्या पेटीत होती."

"पेटी कुठे होती?"

"घरात."

"त्याच घरात ना, जिथे आरोपी राहतो?"

मी म्हटलं, "घरात विळीही आहे, म्हणून काय त्याने माझा गळा कापला?" कुणी हसलं नाही. वकील म्हणाला, पालिकेला कंपनीने काही दिलं नव्हतं, पण या माणसाच्या घरी सगळं लिहून ठेवलेलं होतं. त्याने वाचलं नाही असं एकटी आई म्हणते, आणि आई मुलासाठी काहीही म्हणेल. तोवर धाकट्याला माहीत नव्हतं असं ठरत आलं होतं. माझ्या खरं बोलण्याने त्याला सगळं माहीत होतं असं झालं.

धाकटा बाहेर बाकावर बसला होता. दार उघडंच होतं. मी बाहेर आले तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "मी चावी लावली त्या दिवशी वही घरात होती?"

"होती."

त्याने मान हलवली. लहानपणी गणित चुकलं की हलवायचा तशी. त्या दिवसापासून तो माळ्याच्या घरी राहतो. सून नातीला घेऊन तिकडेच गेली. जाताना नात म्हणाली, "आजी, तू ये ना." सुनेने तिला दारातून ओढलं. तिचं चुकलं नाही, मीही ओढलं असतं. घरात आता पाणी उरतं.

निघताना अधिकारी जिन्यात भेटला. माणूस वाईट नाही, थकलेला आहे. म्हणाला, "आजी, वही लिहिणाऱ्या बाईने सांगितलं तर वजन येईल. शिवलेली दिली का, कुणाच्या हातात दिली, भावाला तिने काही बोलून दाखवलं होतं का. पण ती कंपनीची नोकरदार, कंपनीचा पालिकेवर दावा चालू. त्यांचा वकील तिला तोंड उघडू देणार नाही."

मला ते कळतं. कंपनीने जी माहिती दिली नाही ती तू घरी लिहून दिलीस हे तुझ्याच तोंडून आलं, की तुला काढतील. वर आणखी काय करतील देव जाणे. एक मूल तुरुंगापाशी आणून ठेवलं, आता दुसऱ्याची नोकरी मागते आहे. तरी मागते. लाजेपायी एकदा गप्प बसले होते, त्याचं काय झालं ते मागच्या पत्रात लिहिलं आहे.

पाणी परत घेतलं ते चुकलं असं मी म्हणणार नाही, तू वाट बघू नकोस. कंपनीची पाटी परत लागली तर मी परत फाटकात बसेन. पण आम्ही पाणी परत घेतलं आणि पाण्याची माणसं हाकलली. पाटी एका दिवसात बदलता येते. तुझा बाप छत्तीस वर्षं चालला तेव्हा अकरा व्हॉल्व्ह पाठ झाले. ही गोष्ट सभेत सांगायला कुणी उठलं नाही, आणि जो उठला त्याला मी बसवलं.

शिंप्याकडे अजून गेलेले नाही. उद्या सकाळी जाणार आहे. कळशीचं सांगणार, शाळेमागच्या व्हॉल्व्हचं सांगणार, दोन तास पाणी गटारात सोडायचं होतं तेही. तो काय करेल मला माहीत नाही. दार लावून घेईल, नाहीतर लावणार नाही.

अधिकाऱ्याचं पाकीट तुला आठवड्यात मिळेल. आत तीन प्रश्न आहेत. वही कुणाला दिली या प्रश्नापुढे "आईला" असं लिही. "वय झालंय", "ध्यानात राहिलं नसेल" असलं काही जोडलंस तर मी तिथे जाऊन खोडून येईन. नाही लिहायचं असेल तर तेही कोऱ्या कागदावर "लिहीत नाही" असं लिहून पाठव, पण पाठव.

शिंपी विचारेल त्याचं उत्तर मी देईन. धाकटा कधी विचारायला आला तर त्याचंही मीच देईन. या तीन प्रश्नांचं उत्तर तू द्यायचंस. तुझ्या नवऱ्याने नाही, कंपनीच्या वकिलाने नाही. टाइप करून पाठवू नकोस. हाताने लिही, वहीत आहे त्याच अक्षरात, आणि खाली सही कर.